चौथा तुकडा

मी शाळेत क्लार्क. माझ्या कपाटात जुने मस्टर साचतात आन् डोक्यात स्टाफचे किस्से. मस्टर निदान रद्दीत तरी जातात! आता हे पिक्चरचंच घ्या.

तीर्थपुरीत जादूच्या गोष्टींचं येड असलेले चार मोठे माणसं, आन् चौघंही आमच्याच शाळेत. विज्ञानाच्या साळवे मॅडम, पीटीचे वाघ सर, भूगोलाचे ढवळे सर आन् मी. पाच पुस्तकांची मालिका. शेवटचं आलं तेव्हा कॉपी एक आन् दम कोणालाच न्हाई. वाघ सरांनी ब्लेड घेतलं आन् पुस्तकाचे सरळ चार तुकडे केले!

मॅडम ओरडल्या, "अहो, पुस्तक हाय का कलिंगड?"

मंग नियम ठरला. तुकडा वाचून झाला की शेवटच्या पानावर तारखेसकट सही. मस्टरवर करतो तशी.

*

तुकड्यांना कव्हर न्हाई. वाघ सरांनी दुसऱ्याच्या आधी तिसराच वाचला. त्यात सेनापती मरतो. सरांनी दोन दिवस चहा सोडला! तिसऱ्या दिवशी दुसरा तुकडा घेऊन पळत आले, "मॅडम, हा मेल्ता ना? इथं बसून मटण खाऊन राह्यलाय!"

पुढं महिनाभर मॅडम त्यांना रोज विचारायच्या, "सर, आज सोमवारच हाय ना? का मंगळवार आधी उरकला?"

*

ढवळे सरांनी त्या राज्याचा नकाशा काढला, स्केलसकट. नदी डोंगराकडं वाहते म्हणून लेखकाला इंग्रजीत पत्रही धाडलं. उत्तर आलं न्हाई. "चूक कळली असंल," सर म्हणाले.

त्यांचा जीव मात्र त्या नदीवरच्या म्हाताऱ्या नावाड्यावर. "बिलकुल माझ्या बापासारखा बोलतो. काम एक, शिव्या चार!"

आन् नेमके त्यांच्यापर्यंत चौथा तुकडा यायच्या वेळेला त्यांचे वडील गेले.

चौथ्या तुकड्यात नावाडी मरतो. आम्हा तिघांच्या सह्या होऊन गेल्त्या. मॅडम म्हणाल्या, "सध्या देऊ नका हो त्यांना." मी तुकडा कपाटात मस्टरांच्या मागं सारला आन् सर सुतक संपवून शाळेत आले त्याच दिवशी सांगितलं, "सर, चौथा तुकडा उंदरांनी खाल्ला."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "पूर्ण?"

"पूर्ण."

"बरं," म्हणाले आन् तासाला गेले. खोटं पटवायला इतका सोपा माणूस मी दुसरा बघितला न्हाई. पुढं तुकडा द्यायचं राहूनच गेलं.

*

दीड वर्षानं त्याच पुस्तकांवरचा पिक्चर आला. सर रोज म्हणायचे, "आता तिथंच कळंल म्हाताऱ्याचं." जालन्याला दुपारचा शो. रजेचे अर्ज माझ्याच टेबलावर आले. वाघ सर, पोटदुखी. मॅडम, बँकेचे काम. ढवळे सर, महत्त्वाचे कौटुंबिक काम. मी स्वतः दाढदुखी लावली. हेडसर म्हणाले, "चौघांची दुखणी आन् कामं दीड वाजताच कशी काय सुरू होतात?"

*

पिक्चर काय होता, विचारू नका! पाच पुस्तकांचं पार वाटोळं. सगळी लढाई अंधारात. चेटकीण गाणं म्हणते. सेनापती मरतो तेव्हा वाघ सर घोरत होते. आन् नावाडी? नावाडी न्हाईच! गोष्टीतली पोरं नदीवरनं चक्क पुलानं गेली.

मॅडम पडद्याकडं बघून म्हणाल्या, "पूल कधी बांधला रे मेल्यांनो?"

बाहेर आल्यावर आम्ही तिघं नुसते तडतडत होतो. तिकीट वाया, रजा वाया. ढवळे सर मात्र खुश! सगळ्यांना भजी सांगितली. म्हणाले, "मरताना दाखवला न्हाई म्हंजे मेला न्हाई. बराबर?"

वाघ सरांनी माझ्याकडं बघितलं, मी मॅडमकडं.

"बराबर, सर," मॅडम म्हणाल्या. "बिलकुल बराबर."

*

सोमवारी मॅडम म्हणाल्या, "आता तो तुकडा घरी घेऊन जा. सरांच्या हाती लागायला नको." कपाटाची किल्ली ऑफिसातल्या खिळ्यालाच असते, कोणीही उघडतं. मी मस्टर बाजूला केले. तुकडा जागेवरच होता.

सहज शेवटचं पान उघडलं.

सह्या चार होत्या. चौथी ढवळे सरांची, ठळक, तारखेसकट. मी जुनं मस्टर काढून सर सुतकानंतर हजर झाले ती तारीख लावून बघितली. सही मी उंदरांचं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.