मातीत मिसळणारी पिशवी

कारखान्यात सगळे त्याला मुका म्हणत. वाचा शाबूत होती, पण गडी बोलायचाच नाही. पिशव्यांवर छपाई करणाऱ्या मशीनवर अर्धं आयुष्य गेलं. त्या खडखडाटात बोलून तरी काय उपयोग?

प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मालकाने निम्मे कामगार घरी बसवले. मुक्याला मात्र केबिनमध्ये बोलावून नवा ठसा हातात दिला. हिरवं पान, खाली अक्षरं: 'मातीत मिसळणारी पिशवी'. प्लास्टिकचे रोल तेच, जुने. मुक्याने रोल चाचपला आणि मालकाकडे पाहिलं.

"तू बोलत नाहीस, म्हणूनच तुला ठेवलंय," मालक म्हणाला.

याने पान छापायला घेतलं. या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं?

घरी बायकोला कोण आनंद! आजवर नवऱ्याचा धंदा सांगताना ती आवाज खाली घ्यायची. आता जिन्यात भेटेल त्याला ऐकवू लागली, "आमच्या ह्यांच्या हातची पिशवी. कचरा भरा, गाठ मारा, पुरून टाका. खत तयार!" तेवढ्यावर थांबेल तर ती कसली! इमारतीमागे तिने खड्डा खणवला आणि घरोघरचा ओला कचरा त्याच पिशव्यांत बांधून पुरला. पिशव्यांचे गठ्ठे अर्थातच नवऱ्याने आणायचे. तो आणायचा. जेवताना रोज ठरवायचा, आज सांगून टाकू. तेवढ्यात ती वाढता वाढता म्हणायची, "खरं सांगू? तुमच्या कामाचा पहिल्यांदाच अभिमान वाटतोय." घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

काही महिन्यांनी खड्डा उघडला. असा भपकारा आला की बायका नाक दाबून मागे सरल्या. पिशव्या जशाच्या तशा, गाठींसकट. आत कचऱ्याचं सडून पाणी झालेलं. एकीने काठीने पिशवी उचलली. पानाचा रंगसुद्धा उडाला नव्हता. छपाई उत्तम होती, यात वाद नाही.

"हे खत?" शेजारीण कडाडली. "का तुमच्या ह्यांनी आम्हाला मूर्ख बनवलं?"

मुक्याने तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण बायको मध्ये येऊन उभी राहिली.

"तोंड सांभाळून बोला! हे जन्मात कधी खोटं बोललेले नाहीत. मालकानेच फसवलंय ह्यांना." तिचे डोळे भरून आले होते. ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही कशाला मान खाली घालता? उद्या सगळे मिळून कारखान्यावर जाऊ. तुम्ही पुढे व्हा. तोंडावर विचारा त्याला, मला का फसवलंस म्हणून."

शेजारीण ओशाळली. "चुकलं माझं, भाऊजी. रागावू नका हं."

"बरं," मुका म्हणाला. उद्या मालकासमोर कुणाच्या बाजूने गप्प बसायचं, एवढंच आता त्याच्या हातात होतं.