पाच घरी विचारावं

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. उधन्याला सायबर कॅफे उघडला तेव्हा नगरसेवकाने फीत कापली आणि आता सारं जग सुरतेत आलं, असं भाषण केलं. जगाला यायला फार वेळ लागायचा. फोनची लाइन मध्येच तुटायची.

मी तिथे गेलो तो थोरल्या भावासाठी. सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या कारखान्यात त्याची उमर गेली होती. फुप्फुसं कडक झाली आहेत, आता इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनीला ते पटेना. आमच्या खानदेशात मुलीचं स्थळ पक्कं करण्याआधी पाच घरी विचारतात. "एकानं सांगितलं नि ऐकलं, असं कुठं असतं? आखो कोनले तरी इचारा ना भाऊ," ती रोज म्हणे. शेवटी माझ्याबरोबर तीच आली.

कॅफेवाल्याने एक पान उघडून दिलं. "बेन, आ एकने नहीं, दस सर्च इंजिनने साथे पूछे छे." तिला हे आवडलं. दहा म्हणजे पाचाच्या दुप्पट.

मी आजाराचं नाव टाकलं. बऱ्याच वेळाने यादी आली. सगळ्यात वर एका नव्या औषधाचं पान होतं, खाली बारीक अक्षरांत पाच नावं.

"ही कोण?"

"ज्यांना हे पान सापडलं, ती इंजिनं."

"म्हणजे पाच जण सांगतात, औषध आहे." ती उठलीसुद्धा.

मी पान उघडून वाचलं. औषध बनवणाऱ्या कंपनीचीच जाहिरात होती. आजार बरा होतो, असं तीही म्हणत नव्हती. "वहिनी, पाचही जणांनी हे एकच पान दाखवलंय."

ती परत बसली. "म्हणजे पाची घरी एकाच मावशीनं सांगून ठेवलेलं."

"हो."

"आणि मावशी नवरदेवाचीच."

खालची पानं वेगवेगळ्या दवाखान्यांची होती. आमचे डॉक्टर जे म्हणाले, तेच सगळी म्हणत होती.  मी वाचत असताना ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

सुरतेतच गोडादऱ्याला त्यांची खोली होती. तिथे भाऊ भिंतीला टेकून बसला होता. "काय म्हणालं यंत्र?"

"गावाकडं जा म्हणालं," पाठीशी उशी सरकवत वहिनी म्हणाली.

तो हसला, मग खोकला थांबेना. थांबल्यावर म्हणाला, "सकाळची भुसावळ पॅसेंजर बरी. खिडकी मिळते."

वहिनीने पेटी काढली. कपडे भरून झाल्यावर ती भांडीही पोत्यात भरायला लागली. भाऊ बघत होता.