चाकांच्या बुटांचा नाद

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी, सर्जेराव आणि बापू अशा तिघांनी जन्म काढला. काम काय केलं ते आता आठवत नाही, किस्से तेवढे उरलेत. त्यातले निम्मे एकाच सिनेमाचे! डिस्कोच्या जमान्यातला, चाकांच्या बुटांवर नाचायचा. स्टोरी कुणालाच आठवत नाही, कारण ती घालायचीच राहून गेली होती. हिरो गोल फिरायचा, हिरॉइन गोल फिरायची, दिवे गोल फिरायचे. आणि आम्ही शिफ्ट सुटली की पुन्हा तिकिटाच्या रांगेत.

*

सर्जेरावनं हिरोसारखं चंदेरी जॅकेट शिवून घेतलं आणि ते घालून भर पावसाळ्यात गगनबावड्याला साखरपुड्याला गेला. जिथं माणसं छत्रीशिवाय अंगणात उतरत नाहीत, तिथं हा नुसत्या रुबाबावर! परत आला तेव्हा जॅकेट पांढरं आणि सर्जेराव चंदेरी.

*

मग त्यानंच भंगारातल्या बेअरिंगचे स्केट्स बनवले. फौंड्रीत जमिनीवर सगळी साच्यांची वाळू. चाकं जागची हलेनात आणि बूट पायातून निघेनात. तेवढ्यात साहेब आले. हा कुठल्या मशीनचा पार्ट, म्हणून विचारलं.

"मशीनचा न्हाय साहेब, माझा हाय," सर्जेराव म्हणाला.

साहेबांनी त्याला आठवडाभर वाळू झाडायला लावली.

*

सगळ्यात मोठा कलाकार मात्र बापू. कागलला मुलगी बघायला गेला, सोबत मी. मुलीच्या वडिलांनी छंद विचारला. कोल्हापूरचा पोरगा, तालीम म्हणाला असता तर खपून गेलं असतं. हा म्हणाला, स्केटिंग करतो. जन्मात त्या बुटांना हात लावला नव्हता! वडील गंभीर झाले.

"मग त्येला खुराक काय लागतो?"

लग्न झालं आणि बापूची पंचाईत सुरू झाली. वहिनी म्हणायच्या, एकदा दाखवा की. कधी रस्ता खराब, कधी गुडघा दुखतोय, कधी मापाचे बूट मिळत नाहीत. नातवंडं झाली तरी कारणं संपली नाहीत. एवढं डोकं कामावर चालवलं असतं तर मॅनेजर झाला असता.

*

परवा बापूच्या घरी टीव्हीवर तोच सिनेमा लावला. नात म्हणाली, यात गोष्ट कुठाय? आम्ही तिघं म्हातारे डोळे पुसत बसलेलो, तिला काय सांगणार. गाणं संपल्यावर तिनं आपल्या स्केटिंग क्लासच्या सरांचे बूट आणून आजोबांपुढं ठेवले. नेमके मापाचे.

अख्खी कॉलनी पार्किंगमध्ये जमली. बापूनं बूट चढवले आणि गेटला घोरपडीसारखा चिकटला. बायकोपुढची जन्मभराची अब्रू आता चाकांवर होती. मला हसू येत होतं आणि खरं सांगतो, वाईटही वाटत होतं.

वहिनी पुढं आल्या. त्यांनी त्याचा हात धरला.

"सोडा ते गेट. बघाय आलासा तवाच कळलं हुतं मला."

बापूनं गेट न सोडताच विचारलं, "मग लग्नाला व्हय कशाला म्हणालीस?"

"माझ्यासाठी एवढी मोठी थाप कुणी मारली न्हवती."