तोंडावर बोट

श्रावणातली भुरभुर धरून राहिली होती. पन्हाळा ढगात गडप झालेला आणि गावात कुठल्याही भिंतीला हात लावला तरी हाताला ओल लागत होती. शेवंताबाई तालमीच्या दारात पोचली तेव्हा वस्तादांची पोरं जोर-बैठका आटपून, अंगाची लाल माती खरवडत, दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीकडं निघाली होती. ती गेली की सोप्यात शिरायचं, केर काढायचा, कोपऱ्यात गुंडाळून उभ्या केलेल्या तागाच्या पट्ट्या भिंतीकडेनं पसरायच्या आणि मग गल्लीगल्लीनं पोरं गोळा करत फिरायचं, हे तिचं रोजचं काम. त्या दिवशी पट्ट्या मदतनीस बयाबाईनं पसरल्या. शेवंताला रजिस्टरं पुरी करायची होती, कारण मुख्यसेविका मॅडम तपासणीला येणार होत्या.

साल पंच्याण्णव. अंगणवाडीला स्वतःची खोली नव्हती म्हणून पंचायतीनं तालमीचा सोपा मागून घेतला होता. वस्ताद आकाराम यांनी देताना बजावलं होतं की आतल्या लाल मातीच्या हौद्यात बाईमाणसानं आणि पोरांनी पाय घालायचा नाही आणि दंगा अजिबात चालायचा नाही, आत मारुती हाय. शेवंता बौद्धवाड्यातली, दहावी झालेली, पदरात एक पोर घेऊन माहेरी परतलेली. गावाच्या मध्यात, पाटलांच्या तालमीत आपल्या लेकीला बसायला जागा मिळाली म्हणून तिचा बाप चार ठिकाणी सांगत फिरला होता. ती जागा राखायची तर पोरं गप पाहिजेत, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

आणि तिनं पोरं गप केली. मारून नव्हे. तिच्या आवाजातच काय होतं कुणास ठाऊक. ती नुसतं म्हणायची, "हाताची घडी," की सगळ्यांचे हात छातीवर. "तोंडावर बोट," की सगळी बोटं ओठांवर. मग माशी घोंगावलेली ऐकू यायची. रस्त्यानं जाणारी माणसं सोप्यात डोकावून म्हणायची, बाईनं वासरं बी देवळात बसवली असती. शेवंताला ते ऐकून बरं वाटायचं. शिकवणं म्हणजे वळण लावणं आणि वळण म्हणजे गप बसणं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ती स्वतः शाळेत दाराजवळ, शेवटच्या पट्टीवर, अशीच गप बसून दहावी झाली होती.

मॅडम आल्या. बाहेरच्या पायरीवर वजनकाटा आणि रजिस्टरं मांडून बसल्या. शेवंतानं पोरांना घडी घालायला लावली, तोंडावर बोटं ठेवायला लावली आणि सांगितलं, मी येईपर्यंत कुणी बोलायचं नाही आणि जागचं हलायचं नाही. बाहेर बराच वेळ लागला, बयाबाई मागं सुकडी ढवळत होती. आतून हूं की चूं आलं नाही. मॅडम आत आल्या तेव्हा पोरं भिंतीला टेकून, बोटं ओठांवर ठेवून मोठ्या डोळ्यांनी बघत बसली होती. मॅडम म्हणाल्या, एवढी शिस्त मी तालुक्यात बघितली नाही. मग बयाबाईनं सुकडी वाटली, पोरं खाऊन घरी गेली.

पट्टीच्या टोकाला, भिंतीकडेला बसायचा तो पृथ्वीराज. हौसा पाटलिणीचं पहिलं पोर. नाव राजाचं, पण गल्ली त्याला पिरथ्या म्हणायची. दुपारी त्याचं पोट दुखायला लागलं. हौसानं ओवा चावायला दिला. मग पोरगं डोळे मिटायला लागलं. हौसा म्हणाली, दमलंय, निजू दे. पापण्या उघडेनात आणि घोट गिळवेना तेव्हा तिनं हंबरडा फोडला. जीप मिळाली, कोडोलीही गाठली, पण दिवस मावळायच्या आत पोर हौसाच्या मांडीवर थंड झालं होतं. मण्यार चावली म्हणाले. कुठं चावली, कधी चावली, कुणाला कळेना. हौसाच्या सासूनं साप शोधायला वैरणीची गंज उसकटायला लावली.

दुसऱ्या दिवशी शेवंता आणि बयाबाई हौसाच्या घरी भेटायला गेल्या. सोप्यात बाया बसलेल्या. वस्तादांचा नातू गुंडू, पिरथ्याच्या शेजारी बसणारा, आजीच्या पदराशी खेळत होता. खेळता खेळताच तो म्हणाला, "पट्टीतनं काळं आलतं की. पिरथ्याच्या पायावनं गेलं आनि भिताडात शिरलं."

त्याच्या आजीनं त्याला पुढं ओढलं. कवा रं?

"त्या मोठ्या बाई आल्यात्या तवा. समद्यांनी बघितलं."

"मग सांगितलं का न्हाईस, मुडद्या?"

गुंडू जरा गोंधळला. असं कसं विचारतात, असं त्याच्या तोंडावर होतं.

"बाईनी बोट ठेवाय लावलतं."

 शेवंताला वाटलं, आता कुणीतरी उठावं आणि आपल्या झिंज्या धराव्यात. कुणी उठलं नाही. भिंतीला डोकं टेकून बसलेली हौसा तेवढी हलली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. ती सगळ्या बायांकडं बघत म्हणाली, "बघा. पायावनं जित्राब गेलं तरी हललं न्हाय माझं लेकरू. एवढं शाणं व्हतं."

बाया डोळ्याला पदर लावून हो हो म्हणाल्या. शाणं व्हतं. असं पोरगं व्हायचं न्हाय. शेवंता तिथून उठली कशी, घरी आली कशी, तिला सांगता आलं नसतं. वाटेत बयाबाई म्हणाली, "पट्ट्या मी पसरल्यात्या, पोरी." शेवंता म्हणाली, "पट्ट्या तुम्ही पसरल्यासा. गप मी बसवलीती."

गावानं तिला दोष दिला नाही. नशिबात होतं, म्हणाले. मॅडमनी वर कळवलं, कागद झाले, मिटलं. पंधरवड्यानं पोरं परत आली, पट्टीवर ओळीनं बसली आणि कुणी न सांगता हाताची घडी घालून, तोंडावर बोटं ठेवून शेवंताकडं बघायला लागली. ती बघत राहिली.  मग तिनं कोपऱ्यातली काठी घेतली, पोरांना उठवलं आणि साऱ्या पट्ट्या अंगणात ओढून बडव बडव बडवल्या. आत आली ती धापा टाकत. म्हणाली, आजपास्नं बोट न्हाय. आजपास्नं आल्या आल्या दारातनं प्रत्येकानं आपलं नाव वरडून सांगायचं. हौद्यातला मारुती जागा झाला पायजे.

पोरांना आधी पटेना. नंतर पटलं ते असं, की तालमीवरची कबुतरं उडायला लागली.

पुस्तकातनं तिला हे सापडलं नव्हतं. ती रोज थोडं थोडं जुळवत गेली. पोराला दुखलं, भूक लागली, मुतायला आलं, भ्या वाटलं, तर ते पहिल्यांदा बोललं पाहिजे, मग अ आ ई. काही नवं दिसलं, की हातातलं टाकून ओरडायचं: मुंगी, पाल, पाहुणं, काहीही. बाई कुणाशी बोलत असली तरी मध्ये तोंड घालायचं, त्याला बोलणी बसणार नाहीत. आणि सगळ्यात शेवटी तिनं 'न्हाय'चा खेळ काढला. ती म्हणायची, डोळं मिटून हिरीत उडी मारा. पोरं एका सुरात, न्हाय. ती म्हणायची, चूल हातानं उचला. न्हाय. का म्हणून न्हाय? मग ज्यानं त्यानं कारण सांगायचं. बयाबाई सुकडी ढवळता ढवळता म्हणायची, बाई, ही पोरं उद्या बापाला न्हाय म्हणतील, मग बाप आमच्या पाठीचं साल काढतील.

झालं तसंच. एकदा वस्ताद दुपारचे पैलवानांना घेऊन सोप्यात आले. गुंडू दारात गोट्या मांडून बसला होता. उठ, म्हणाले. गुंडू म्हणाला, न्हाय. का म्हणून? सगळ्या पैलवानांसमोर. तालमीत आजवर वस्तादाला कुणी 'का म्हणून' विचारलं नव्हतं. त्यांनी नातवाच्या मुस्काटात दिली आणि संध्याकाळी पंचायतीत बैठक बोलावली.

बैठकीला हौसाही आली. ती येईल असं शेवंताला वाटलं नव्हतं. बाया सहसा येत नसत, हौसा दारातच उभी राहिली. वस्तादांनी दंग्याचं सांगितलं, पोरं उलटून बोलतात ते सांगितलं. दुसऱ्या कुणी म्हणालं, अक्षर ओळख न्हाय, अन् नुसतं वरडायला पगार घेतीया. शेवंतानं हात जोडून सांगायचा प्रयत्न केला, की पोरानं बोललं पाहिजे, बोललं असतं तर. पुढचं तिनं गिळलं. पण हौसानं ते ऐकलं होतं. ती दारातनं म्हणाली, "माझं पोरगं तुमचं ऐकून मेलं. आता तुमी म्हणतासा ऐकू नगा. मग त्ये काय येडं म्हणून मेलं?"

 खरं उत्तर शेवंताकडं होतं, पण ते त्या बाईच्या तोंडावर म्हणण्याएवढी ती दगड नव्हती. एवढंच शहाणपण हौसाच्या पदरात उरलं होतं आणि शेवंता रोज सकाळी पोरांना ओरडायला लावून तेही तिच्याकडनं काढून घेत होती. त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. एकदा वाटलं, उद्यापासनं लावावी घडी. जागा राहील, हौसाचं मन राहील. सकाळी ती तालमीत गेली, पोरं दारातनं नावं ओरडत आत आली आणि घडी घाला म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

तालीम गेली. अंगणवाडी बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात आली. तालमीपासनं ते हाकेच्या अंतरावर, पण पाटील गल्ली म्हणायला लागली, पोरांना लांब पडतंय. बयाबाई स्वतः पाटलांच्यातली, तरी ती आली. भावकीनं विचारलं, तिकडं कशाला मरायला जातीस? ती म्हणाली, पगार तिकडं मिळतोय. पण वरच्या गल्लीतली पोरं कमी होत गेली ती होतच गेली. पुढं कोडोलीत इंग्रजी बालवाडी निघाली, पिवळी व्हॅन गावात यायला लागली, कागलच्या एमआयडीसीत कामाला लागलेल्यांची पोरं टाय लावून जायला लागली. समाजमंदिरात उरली बौद्धवाड्यातली पोरं आणि ऊसतोडीला आलेल्यांची हंगामापुरती पोरं. मॅडम बदलल्या. नव्या मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, शिस्तीचा अभाव.

एकदा तालुक्याला प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या साहेबांनी प्रत्येकीला विचारलं, तुमच्या मते बालशिक्षण म्हणजे काय. कुणी म्हणालं संस्कार, कुणी म्हणालं पाया. साहेब फळ्यावर लिहून घेत होते. शेवंता उठली आणि म्हणाली, पोरानं वरडलं पायजे. हॉल हसला. साहेबही हसले आणि त्यांनी ते फळ्यावर घेतलं नाही. ती खाली बसली. पिरथ्याची गोष्ट तिला सांगता आली असती. तिनं सांगितली नाही. सभेत सांगायची ती गोष्ट नव्हती.

दोन हजार तीन सालच्या थंडीत एका सकाळी समाजमंदिराच्या पायरीशी हौसा उभी दिसली. तिचे केस आता पिकायला लागले होते. बोटाला धरून एक पोरगी. पिरथ्यानंतर काही वर्षांनी झालेली राजनंदिनी. तिच्या उजव्या हाताला पांढरी पट्टी गुंडाळलेली.

शेवंता दारात आली.  तिनंच विचारलं, व्हॅन येत नाही का.

हौसानं मान हलवली. महिनाभर पाठवलं म्हणाली, तिथल्या बाई म्हणतात लई गुणाची पोरगी, आवाज न्हाय. मग तिनं पोरीचा पट्टी बांधलेला हात हळूच वर उचलून दाखवला.

"तव्याला हात लागला, बाई. मी भायेर धुणं धूत हुते. वरडली न्हाय ती. सांजच्याला जेवाय बसवलं तवा फोड बघितलं." तिनं पोरीचा हात हळूच खाली ठेवला. "दादावानी गप बसावं, दादावानी गप बसावं, असं म्हणून मीच वाढवली हिला."

बयाबाई आतून ऐकत होती, तिनं पळी भांड्यात टाकली.

हौसा म्हणाली, "हिला वरडाय शिकवा."

पिरथ्याचं नाव दोघींनीही घेतलं नाही. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. हौसा समाजमंदिरात पाय ठेवायला क्षणभर अडली, मग चप्पल काढून आत आली आणि भिंतीकडेला बसली.

राजनंदिनी पट्टीवर बसली. कुणी न सांगता तिनं हाताची घडी घातली आणि पट्टी बांधलेल्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. ऊसतोडीवाल्यांची पोरं तिच्याकडं टकामका बघायला लागली. एक म्हणालं, बाई, ही मुकी हाय का? शेवंतानं तिचं बोट काढलं नाही. तिला माहीत होतं, ओढून काढलेलं बोट परत जातं. तिनं नावांचा खेळ लावला. पोरं एकेक करत उठली आणि घसा फाटेस्तोवर नावं ओरडली. राजनंदिनीची पाळी आली. सगळे थांबले. हौसा भिंतीपासनं पुढं झुकली, तिचे स्वतःचेच ओठ हलत होते. पोरगी नुसती बघत राहिली. शेवंता म्हणाली, बरं, उद्या. आणि पुढच्या पोराकडं वळली.

उद्याही ती बोलली नाही आणि परवाही नाही. हौसा रोज येऊन भिंतीकडेला बसायची आणि सुट्टी झाली की तिला घेऊन जायची. शेवंताला ठाऊक होतं की होईलच असं काही नाही. काही पोरं नाही बोलत.

एके दिवशी बाकीची पोरं गेल्यावर तिनं समाजमंदिर झाडलं. बयाबाई भांडी घासायला मागं गेली होती. राजनंदिनी पायरीवर आईच्या आडून आत बघत होती. शेवंतानं रोजच्यासारखी कोपऱ्यातली काठी घेतली, पट्ट्या एकेक करून अंगणात ओढल्या, दोन्ही बाजूंनी बडवल्या, घडीत हात न घालता काठीच्या टोकानं उलटून पाहिल्या आणि गुंडाळून भिंतीला उभ्या करायला लागली.