ठक्क वाजलेला दगड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, कामगार संघटनेतल्या मैत्रिणींना नाही. पत्रकं लिहिणारी मुलगी मी — दुसऱ्यांचं झाकलेलं उघडं करणं हेच माझं काम. स्वतःचं मात्र झाकून बसले.

तळेगाव ढमढेऱ्यात आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे. तिच्यात वडिलांचा लेथ, लोखंड कातायचं यंत्र. वडील गेल्यावर योहान मामांनी मला तो चालवायला शिकवलं. सख्खे मामा नव्हेत, वडिलांचे मित्र. शिरूरच्या एका कंपनीत आयुष्यभर टर्नर होते. लेथवर लोखंड कापणारं टूल म्हणजे हायस्पीड स्टीलची बोटभर कांडी; तिला ग्राइंडरच्या फिरत्या दगडावर धार कशी काढायची, कोन कसा ठेवायचा, कांडी तापली की पाण्यात कधी बुडवायची — सगळं त्यांचं. ते मापाची पट्टी वापरत नसत. कांडी उजेडाला धरायची, एक डोळा मिटायचा. ‘‘आजून केसभर,’’ म्हणायचे, आणि ते केसभरच असायचं.

त्यांचा एक नियम होता. नवा दगड ग्राइंडरला चढवण्याआधी बोटावर टांगायचा आणि पेचकसाच्या लाकडी मुठीनं वाजवायचा. चांगला दगड खणखणतो. तडकलेला ठक्क वाजतो. ‘‘ठक्क वाजला तर फेकायचा. इचार न्हाई करायचा.’’

त्या संध्याकाळी जुना दगड बदलताना नवा माझ्या हातून फरशीवर पडला. मी उचलला, वाजवला.

ठक्क.

तुम्ही काय केलं असतं, ते मी विचारत नाही. मी काय केलं, ते सांगते. मी तो चढवला. दुसरा दगड आणायला शिरूरला जावं लागलं असतं, आणि सकाळी मला कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटायची होती. मिनिटभर फिरवून पाहिला, फिरला. वाटलं, उद्या बदलू.

पत्रक कशाबद्दल होतं, सांगू? कामगारांच्या सुरक्षेबद्दल. मथळा माझाच — ‘हा अपघात नाही, हा गुन्हा आहे!’

सकाळी मी पिशवी खांद्याला अडकवून निघाले होते, तेवढ्यात मामा टूलला धार लावायला आले. ग्राइंडरकडं बघून म्हणाले, ‘‘नवा दगड दिसतोय. वाजवून घेतला का, पोरी?’’

‘‘व्हय मामा,’’ मी म्हणाले.

खोटं होतं का ते? वाजवला तर होताच! इतक्या दिवसांत या एका वाक्याच्या आडोशाला मी कितीदा जाऊन बसले असेन. पण का नाही सांगितलं? — लाज वाटली. पिशवीत ते पत्रक, आणि ज्यानं शिकवलं त्यालाच सांगायचं की मी फुटका दगड चढवलाय? एवढंच कारण. याहून मोठं काही नाही.

मी दारात चपला घालत होते. बटणाचा आवाज आला, मग घरघर, मग कांडी टेकल्याचा आवाज, आणि मग — नंतरचं मला नीट लिहिता येत नाही. फरशीवर दगडाचे तुकडे, मामांच्या चष्म्याच्या काचा होत्या. मामा खाली बसले होते, हात तोंडावर.

उजवा डोळा गेला. कांडी उजेडाला धरून ज्यानं बघायचे, तोच.

दवाखान्यात त्यांनी माझा हात धरला. वाटलं, आता विचारतील. म्हणाले, ‘‘माजाच हात जड झाला गं. जास्त दाबलं. बरं झालं, तू फुडं न्हवतीस.’’ मामी पलीकडून म्हणाल्या, ‘‘म्हातारपणी खाज कशाला पायजे होती?’’ ते हसले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नंतर दरवेळी आदल्या दिवसाच्या गप्प बसण्याची भर पडत गेली. चर्चमध्ये त्यांनी उभं राहून देवाचे आभार मानले, मी वाचले म्हणून. मामींनीच सांगितलं. स्वतःच्या हातावरचा त्यांचा भरवसा उडालाय. आता चहाचा कपही ते दोन्ही हातांनी धरतात. त्या हातांचं काहीही चुकलेलं नव्हतं. हे जगात फक्त मला माहीत आहे.

आपल्या हत्यारांची पेटी त्यांनी मला दिली. तिच्यातली टूल्स अजून कापतात. पत्रकं मी अजून लिहिते. मागच्या वेळी घड्या घालायला मामाच बसले होते. मथळ्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘ब्येस लिवतीस. कुनाला सोडू नको.’’

दगड ठक्क वाजला होता. मी ऐकलं होतं.