बदलाचा फॉर्म आणि परतीचा रकाना

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी बरीच वर्षं काम केलं. माझं शिक्षण चौथी. झाडलोट, परीक्षा हॉलची चावी, बाकांवर रोल नंबर चिकटवणं, आणि पंखा किंवा नळ बिघडला की कॉम्प्युटरवर तक्रार टाकणं, ही माझी कामं. तक्रार टाकायला मला एका पोरीनं शिकवलं. ती जळकोटकडची, वय चोवीस-पंचवीस. क्लासचे कॉम्प्युटर सांभाळायला तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरी. माणसांचं कौतुक करायची मला सवय नाही. तिचं करते.

ती येण्याआधी ज्याला जे वाटेल ते तो कॉम्प्युटरमध्ये बदलायचा. फिजिक्सचे सर फोनवरून बॅच बदलायला लावत. ऑफिसातला क्लार्क कुणाला न विचारता याद्या फिरवे. एकदा दोन पोरांचे मार्क एकमेकांच्या नावावर गेले. हिमायतनगरहून एक बाप एस.टी.नं आला आणि दिवसभर ऑफिसात बसून राहिला. मार्क कमी म्हणून पोराला त्यानं आधीच बडवलं होतं.

तिनं तक्रारीच्या सॉफ्टवेअरमध्येच बदलाचा वेगळा भाग उभा केला. मला म्हणाली, "मावशी, पंखा बंद पडला ही तक्रार. चालू पंखा काढून दुसऱ्या वर्गात लावायचा, हा बदल. तक्रार आली की लगेच बघायचं. बदल आधी विचारून करायचा." बदलाच्या फॉर्ममध्ये रकाने होते. काय बदलायचं, का, कधी, त्यानं कुणाचं काम अडेल, आणि फसलं तर पहिल्यासारखं कसं करायचं, हा शेवटचा परतीचा रकाना. मागणाऱ्यानं स्वतःच मंजुरी द्यायची नाही. हॉल माझ्याकडे, म्हणून परीक्षेच्या बदलांना मंजुरी देणाऱ्यांत तिनं माझंही नाव घातलं. हे सगळं लावायला तिला दोन आठवडे लागले, कारण ती एकेकाजवळ बसून विचारायची, तुमचं काम कशानं अडतं? मला तोवर हे कुणी विचारलं नव्हतं.

ऑफिसात थट्टा सुरू झाली. क्लार्क म्हणायचा, "मॅडम, शिंक आली. फॉर्म भरू का?"

ती मान वर न करता म्हणायची, "शिंक तक्रारीत टाका. बदलात नको."

एका शनिवारी दुपारी क्लासचे मालक आले. त्यांना आम्ही सगळे सरच म्हणायचो. दुसऱ्या दिवशी मोठी सराव परीक्षा होती, आणि सरांना सगळ्या पोरांचे रोल नंबर नव्या पद्धतीनं, सोबत आणलेल्या यादीप्रमाणे हवे होते, आजच्या आज. ती म्हणाली, "फॉर्म भरा, सर." त्यांनी हसत भरला. परतीच्या रकान्यात लिहिलं, गरज पडणार नाही. तिनं फॉर्म परत पाठवला.

"हा क्लास कोणाचा हाय, मॅडम?"

"तुमचा, सर. म्हणून तर विचारतेय."

"सोमवारी तुमचे तीन महिने भरतात. ध्यानात आहे ना?"

"आहे, सर."

तिचा आवाज सरळ होता. मी पाण्याचे ग्लास घेऊन तिथंच उभी होते.

सर माझ्याकडे वळले. "मावशी, मंजुरीत तुमचं बी नाव हाय म्हणं. दाबा बटण. का तुम्ही बी मॅडम झालात?"

मी खुर्चीत बसले आणि फॉर्म पूर्ण वाचला. मला वाचायला वेळ लागतो. सगळे थांबले. परतीच्या रकान्याशी मला आमचं गाव आठवलं. भूकंपानंतर आम्हाला नवी घरं मिळाली, तेव्हा लोकांनी भांडी लावून झाल्यावर वाटप करणाऱ्या माणसानं घरांचे नंबर बदलले. जुनी यादी कुणी ठेवली नव्हती. माझा दीर आणि शेजारी एका दारावरून भांडले, ते अजून बोलत नाहीत.

"न्हाई दाबत," मी म्हणाले. "सकाळपासून सगळ्या बाकांवर जुने नंबर खळीनं चिकटवलेत. वाळलेली खळ खरवडायला उद्याची दुपार होईल. पोरं काय उभ्यानं पेपर लिहितील?"

"मग आधी सांगायचं ना."

"आधी विचारलं कुणी? ह्या फॉर्मनं विचारलं, त्याला सांगितलं."

तिनं तोवर सरांच्या नावानं दुसरा फॉर्म भरून पडद्यावर दाखवला. बदल तोच, पण सोमवारी दुपारी, आणि जुनी यादी आधी बाजूला ठेवून. सर उठले. "सोमवारी बघू," एवढंच म्हणाले.

रविवारी परीक्षा नेहमीसारखी झाली. सोमवारी मी मंजुरीचं बटण दाबलं आणि तिनं नवे नंबर चढवले. सर मागे उभे होते. उदगीरच्या बॅचची निम्मी नावं गायब झाली. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, "पहिल्यासारखं करते," आणि माझ्या चहाला उकळी यायच्या आत सगळी नावं जागेवर आली. मग तिनं चूक शोधली. सरांनी दिलेली यादी मागच्या वर्षीची होती. नवी यादी घेऊन तिनं काम पुरं केलं आणि कीबोर्ड सरांपुढे सरकवला.

"काय चुकलं, ते मागणाऱ्यानं लिहायचं असतं, सर."

स्वतःचा निकाल लागायच्या दिवशी ती हे बोलली. तिच्या जागी मी असते तर गप बसले असते. सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग एका बोटानं लिहिलं, यादी जुनी दिली, माझी चूक. उठता उठता क्लार्कला म्हणाले, "मॅडमचं कायमचं पत्र काढा."

पत्र हातात आल्यावर ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराशी पोछा घेऊन उभी राहिले. येईल त्याला सांगितलं, फरशी ओली आहे, खालच्या मजल्यावर जा.