डिपरचा अर्थ

गंगाखेड रस्त्यावर पोलीस स्पीडगन लावून बसले, की समोरून येणाऱ्याला डिपर द्यायचा, हा आमच्याकडचा रिवाज. दिवसाउजेडी गाडीच्या दिव्यांची दोनदा उघडझाप झाली, की समजायचं, पुढं पोलीस आहेत. शाळेला येता-जाता कितीतरी वर्षं मी हे इमानेइतबारे केलं. माझ्या एका सहकारी शिक्षकाला ते पटत नसे. "हा सरकारी कामात अडथळा झाला, सर," तो म्हणायचा. कायद्यात कुठं लिहिलंय ते दाखवा, म्हणून मी हुज्जत घालायचो. शिवाय माझ्यामुळं लोक गाडी हळू चालवतात, त्यात वाईट काय?

"पोलिसांपुरती हळू चालवतात."

मी ते हसण्यावारी न्यायचो. वादात हरणं माझ्या स्वभावातच नाही.

मागच्या हंगामात एका सकाळी शाळेला निघालो, तर वळणाच्या अलीकडं उसाची ट्रॉली कलंडलेली. मोळ्या अर्ध्या रस्त्यावर पसरलेल्या. समोरून येणाऱ्यांना वळणामुळं हे दिसणारच नव्हतं. मी उतरून तिथं उभं राहायला हवं होतं. पण परिपाठाला उशीर होत होता, म्हणून कडेनं गाडी काढली आणि येईल त्याला नुसता डिपर देत सुटलो.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई त्या दिवशी रजा घेऊन लेकीकडं निघाली होती, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून. माझा डिपर पाहून नवऱ्यानं हात वर केला. मग आरशाला अडकवलेलं हेल्मेट काढून एका हातानं डोक्यात घालायला लागला. मी हॉर्न वाजवत राहिलो. तो तसाच वळणावर मोळ्यांवर गेला.

मी पळत गेलो. त्याला थोडं खरचटलं होतं. तिचा पाय गुडघ्याखाली मोडला होता.

"सर, तुमी डिपर दिला, मला वाटलं पोलीस हायत," तो म्हणाला. "हेल्मेट घालायलो होतो."

पंचनाम्याला आलेल्या जमादारानं, निदान इशारा तरी दिलात, म्हणून माझी पाठ थोपटली. मी गप्प राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

आता ती स्टुलावर बसून खिचडी ढवळते. पोरांना वाढायला उठताना भिंत धरते. एकदा धीर करून तिला म्हणालो, चूक माझी होती.

"तुमची कशी, सर? तुमी तर सांगितलं व्हतं. आमालाच कळलं न्हाई."